वीकेंडचं प्लॅनिंग झोपेपासून सुरू करा

शुक्रवारी संध्याकाळी ओपीडी संपत आली की हमखास येणारा एक प्रश्न आहे. "डॉक्टर, उद्या पहाटे तीनला कासला निघतोय. बीपीची गोळी सकाळची आत्ताच घेऊन टाकू का?"

परवा असंच एका काकांनी विचारलं. वय ५४, ब्लड प्रेशर आहे, शुगर थोडी वर. नवा कॅमेरा घेतलाय, ट्रायपॉड घेतलाय, मोबाईलमध्ये आठ ठिकाणांची यादी तयार. कास, बामणोली, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, सज्जनगड, दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर, पाचगणी आणि परत येताना वाई. गाडी स्वतः चालवणार. मी विचारलं, "आज दुपारी झोप झाली का?" ते हसले. "झोप कसली डॉक्टर, आज ऑफिस. रात्री पॅकिंग. दोन दिवस मजा करायची, मग झोपायला सोमवार आहेच की!"

गोळीचं उत्तर सोपं होतं, ते मी दिलं. आजचा लेख त्या हसण्याबद्दल आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. डोंगरातल्या वीकेंडचं नियोजन आपण ठिकाणांच्या यादीपासून सुरू करतो, ते ड्रायव्हरच्या झोपेपासून सुरू करायला हवं. बाकी सगळं, म्हणजे हॉटेल, कॅमेरा, फुलं, सूर्योदय, त्यानंतर.

हे मी कुणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. माझी स्वतःची चूक सांगतो, मग तुम्हाला कळेल.

माझी गोष्ट

काही वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. कासला फुलं आली होती आणि मला धुक्यातला पहिला उजेड हवा होता. आदल्या दिवशी सकाळी सहाला उठलेला मी, दिवसभर पेशंट, रात्री एक इमर्जन्सी, घरी आलो तेव्हा साडेबारा झाले होते. झोपलो तर उठणार नाही म्हणून झोपलोच नाही. पहाटे तीनला सांगलीहून निघालो. शेजारी बायको, मागे दोन्ही मुलं. आष्टा गेलं, पेठ नाका गेला, हायवेला लागलो. रस्ता मोकळा, गाडी सुरेख चाललेली.

कराडच्या अलीकडे अचानक खडखड आवाज झाला. डाव्या बाजूची चाकं रस्ता सोडून खडीवर गेली होती. मी स्टिअरिंग सावरलं, गाडी थांबवली. हात थरथरत होते. गाडीत कुणीही ओरडलं नाही, कारण गाडीत जागं कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हतो.

मागचा एक-दीड किलोमीटर मला आठवतच नव्हता. पुढे एका ढाब्यावर गाडी लावली आणि दोन तास झोपलो. कासला पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. पठारावर अजूनही धुकं होतं. फोटो उत्तम आले. म्हणजे ज्यासाठी मी चार जीव पणाला लावले होते, त्याची गरजच नव्हती.

नेमकं काय होतं शरीरात?

याला मायक्रोस्लीप म्हणतात. काही सेकंदांची डुलकी. डोळे कधी मिटलेले असतात, कधी चक्क उघडे, पण मेंदू झोपलेला असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी बिनड्रायव्हरची. खंबाटकी घाटात किंवा पसरणी घाटात पुढचं वळण ९० मीटरच्या कितीतरी आधी येतं.

आपल्या मेंदूत एक जैविक घड्याळ असतं. ते दिवसातून दोनदा जागेपणाची पातळी खाली आणतं: एकदा पहाटे साधारण दोन ते सहा आणि दुसऱ्यांदा दुपारी दोन ते चार. आता आपलं नेहमीचं वेळापत्रक बघा. निघायचं पहाटे तीनला आणि रविवारी परत फिरायचं भरपेट जेवून दुपारी अडीचला. शरीर ज्या दोन वेळा "झोप" म्हणतं, नेमक्या त्याच वेळा आपण घाटासाठी निवडतो.

त्यात जागरणाची भर. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया मोजली, तर ती रक्तात दर १०० मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावलेली असते, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. २४ तास जागरणानंतर ती साधारण १०० मिलिग्रॅमच्या बरोबरीची होते. आपल्या देशात गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे त्या पहाटे २२ तास जागा असलेला मी, एक थेंबही न घेता, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यापेक्षा वेगळा नव्हतो.

फरक एवढाच की दारूसाठी नाकाबंदीत फुंकायचं यंत्र असतं. झोपेसाठी असं यंत्र नाही. आणि समाज म्हणून आपण दोघांकडे फार वेगळ्या नजरेने बघतो. पिऊन गाडी चालवली हे कुणी चारचौघांत अभिमानाने सांगत नाही. पण "रात्रभर गाडी मारली, एकदाही थांबलो नाही," हे आपण कौतुकाने सांगतो आणि समोरचाही "वा!" म्हणतो. माझा आक्षेप या "वा!"ला आहे. त्याऐवजी "मूर्खपणा केलास" असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असायला हवा.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखू लावणं, यांनी दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं. झोप जात नाही, फक्त लपते. खरे उपाय दोनच, झोप आणि थोड्या वेळापुरता चहा-कॉफी. कॉफीचा परिणाम व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणून कॉफी पिऊन लगेच गाडीतच १५-२० मिनिटांची डुलकी घ्या. उठाल तेव्हा कॉफीही कामाला लागलेली असेल. जास्त झोपलात तर उठल्यावर थोडा वेळ मेंदू सुस्त असतो, पाच-दहा मिनिटं चालून मगच स्टिअरिंगला हात लावा.

आणखी एक. ज्यांना रात्री मोठ्याने घोरायची सवय आहे, झोपेत श्वास अडखळतो आणि दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते, त्यांना स्लीप अॅप्निया असू शकतो. अशांची रात्रीची आठ तासांची झोपही पुरेशी नसते. लांबच्या ड्राइव्हआधी तपासणी करून घ्या. हा आजार उपचाराने आटोक्यात येतो.

"पण डॉक्टर, सूर्योदय चुकेल ना!"

हा आक्षेप मला मान्य आहे. फोटोग्राफीत उजेडाला पर्याय नाही. पण सूर्योदय हवा असेल तर आदल्या संध्याकाळीच साताऱ्यात पोचा, साडेनऊ-दहाला झोपा आणि पहाटे पाचला ताजेतवाने उठा. साताऱ्याहून कास साधारण २५ किलोमीटर. मुक्काम परवडत नसेल, तर सूर्योदय सोडा आणि सूर्यास्त धरा. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोयनेच्या खोऱ्याकडे बघायचं म्हणजे पश्चिमेकडे बघायचं. संध्याकाळचा तिरपा उजेड या दऱ्यांत जसा उतरतो, तो कुठल्याही पहाटेला कमी नाही.

कासचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलांचा हंगाम. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं. हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली असते, ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि शनिवार-रविवारी तिथे माणसंच माणसं असतात. शक्य असेल तर मधल्या वारी एक रजा काढा.

आठ ठिकाणांच्या यादीबद्दलही माझं स्पष्ट मत आहे. ती यादी फोटोसाठीही वाईट आणि तब्येतीसाठीही. चांगला फोटो एका जागी थांबून, ढग सरकायची वाट बघून मिळतो. आठ ठिकाणं म्हणजे आठ वेळा गाडी लावणं, धावत जाणं, धावत येणं, आणि उरलेला वेळ घाटात. एका दिवसाला दोन ठिकाणं पुरतात.

मी आता असं करतो. शुक्रवारी रात्री मुक्कामी. शनिवारी सकाळी कास. दुपारी परत साताऱ्यात जेवण आणि तासभर आडवं होणं. चारनंतर सज्जनगड किंवा ठोसेघर-चाळकेवाडी, यांपैकी एकच, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरून खाली. रविवारी सकाळी कराडमार्गे सागरेश्वर. सांगली जिल्ह्यातलं हे छोटं अभयारण्य यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळ, देवराष्ट्र्याजवळ आहे. हरणं आहेत, जुनी देवळं आहेत, आणि गर्दी नाही. पुण्याहून येणाऱ्यांनी रविवारी परतीला सकाळीच लागावं. संध्याकाळच्या गर्दीत खंबाटकीत अडकून, थकलेल्या पायांनी क्लच-ब्रेक करत बसण्यापेक्षा एक ठिकाण कमी झालेलं बरं.

आणि परतीला हायवेवर अख्खा मसूर जरूर खा. पण ड्रायव्हरने अर्ध्या पोटी खा, आणि नंतर २० मिनिटं झाडाखाली गाडी लावून डोळे मिटा.

घाटात मळमळतं त्यांच्यासाठी

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं यंत्र असतं. घाटात ते सांगतं, "आपण वळतोय." डोळे मात्र मोबाईलवर किंवा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर असतील तर ते सांगतात, "आपण स्थिर आहोत." या भांडणातून मळमळ होते. म्हणून गाडीत बसून काढलेले फोटो बघू नका. पुढच्या सीटवर बसा, नजर लांब रस्त्यावर ठेवा, काच थोडी उघडा, हलकं खाऊन निघा. रिकाम्या पोटीही मळमळ वाढते.

उलटीची गोळी घ्यायची तर घाट सुरू व्हायच्या तास-अर्धा तास आधी. पण लक्षात ठेवा, प्रोमेथाझिनसारख्या या गोळ्या झोप आणतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्याही. ड्रायव्हरने त्या घेऊ नयेत. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

"महाबळेश्वरला ऑक्सिजन कमी पडेल का?" हाही एक नेहमीचा प्रश्न. महाबळेश्वर साधारण १३७० मीटरवर आहे. उंचीचा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे सह्याद्रीत दम लागला तर उंचीला दोष देऊ नका. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, दरदरून घाम, असं काही झालं तर "अॅसिडिटी असेल" म्हणून पुढे चढू नका. तिथेच बसा आणि मदत मागवा.

डायबेटिस आणि बीपीच्या पेशंटसाठी

रोजची गोळी रोजच्या वेळी. प्रवास आहे म्हणून आधी नाही, दोनदा नाही, आणि "वाटेत लघवीला थांबावं लागेल" म्हणून बंद तर मुळीच नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी न खाता गाडी चालवू नये. उजेड चांगला पडलाय म्हणून नाश्ता पुढे ढकलला की शुगर घसरते. हातापायांना कंप, घाम, चिडचिड, समोरचं धूसर दिसणं. गाडी बाजूला घ्या. शुगर ७० च्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल तरीही, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, काहीतरी खा आणि बरं वाटल्यावरही पाऊण तास स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या. साताऱ्याचे कंदी पेढे अशा वेळी खिशात असायला हरकत नाही, पण एरवी डब्बा घरच्यांसाठी आहे हे विसरू नका! इन्सुलिन मात्र उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ते खराब होतं.

कॅमेऱ्यामागचा माणूस

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की माणसाला आजूबाजूचं दिसत नाही. "अजून थोडं मागे" म्हणत पाय दरीकडे सरकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये साताऱ्याजवळच्या बोरणे घाटात सेल्फी घेताना एक पर्यटक दरीत पडली. होमगार्ड आणि स्थानिक लोकांनी दोराने खाली उतरून तिला वर काढलं. प्रत्येक वेळी दोर घेऊन कुणी जवळ असेलच असं नाही. नियम सोपा ठेवा. डोळा कॅमेऱ्याला तर पाय जागेवर. पाय हलवायचे तर कॅमेरा खाली. पावसाळ्यातला कातळ शेवाळाने निसरडा असतो, तिथे कठड्यापलीकडे जाणं म्हणजे नुसता दैवावर भरवसा.

साध्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः झूम लेन्स लावून, थेट सूर्याकडे बघू नका. डोळ्याचा पडदा भाजू शकतो, आणि तिथे वेदना होत नसल्याने कळतही नाही. सूर्य फ्रेममध्ये हवाच असेल तर मागच्या स्क्रीनवर बघून फोटो घ्या.

आता गवतातले शेजारी. आपल्याकडे विषारी साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पहाटे-संध्याकाळी गवतातून जाताना घोट्याच्या वर येणारे बूट आणि टॉर्च हवीच. फुलाच्या फोटोसाठी पालथं पडण्याआधी जागा नीट बघा. फुलंही वाचतील, तुम्हीही. साप चावला तर चिरा देऊ नका, विष चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, पेशंटला चालवू नका, आणि थेट प्रतिसर्पविष मिळेल अशा शासकीय रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. कोयना, बामणोली, चांदोली भागात नेटवर्क बेभरवशाचं असतं. म्हणून निघायच्या आधीच जवळचं रुग्णालय कुठे आहे ते लिहून ठेवा.

कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर ड्रोन उडवू नका, धूर करू नका, तीव्र अत्तर लावून जवळ जाऊ नका. माश्या उठल्या तर तोंड झाकून पळा, गाडीत शिरा. अनेक डंख, दम लागणं, ओठ सुजणं म्हणजे इमर्जन्सी. जळवा मात्र दिसायला भीतीदायक, तरी सहसा निरुपद्रवी. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, म्हणून रक्त बराच वेळ वाहतं. स्वच्छ कापडाने दाबून धरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल त्यांनी जास्त काळजी घ्यावी.

शेवटी एवढंच

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक गोष्ट लक्षात ठेवा. साप, जळवा, उंची यांची भीती आपल्याला वाटते, आणि झोपेची वाटत नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्री ड्रायव्हरची किमान सात तास झोप. दर दोन तासांनी थांबा. पुढच्या सीटवरच्या माणसाने झोपायचं नाही, गप्पा मारायच्या आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवायचं. एकापेक्षा जास्त ड्रायव्हर असतील तर उत्तम. आणि गाडीतल्या कुणीही, अगदी दहा वर्षांच्या मुलानेही, "बाबा, तुम्हाला झोप येतेय, गाडी थांबवा," म्हटलं तर न वाद घालता थांबायचं. आमच्या घरात हा नियम त्या पहाटेपासून आहे. माझी मुलगी तो फार आनंदाने वापरते, कधीकधी भजी दिसली म्हणूनही. मी थांबतो.

त्या काकांनी शेवटी शनिवारी सकाळी सातला निघायचं कबूल केलं. आठातली पाच ठिकाणं यादीतून गेली. सोमवारी त्यांनी मला फोटो पाठवला. पवनचक्क्यांमागे मावळता सूर्य, थोडा वाकडा आलेला. खाली लिहिलं होतं, "सूर्योदय पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षीही फुलं येणार आहेत. तेव्हा बघायला आपण असलो पाहिजे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या गोळ्यांत बदल करायचा असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.)